जुन्या संग्रहाचा समाजाला काय उपयोग झाला, हे संस्थांनी मोजावे का?

प्रश्न : वाचनालयाचा कार्यकर्ता, सातारा
आमच्या वाचनालयात ग्रंथांबरोबर मोडी हस्तलिखिते आणि जुनी नियतकालिके आहेत. वार्षिक अहवालात आम्ही सभासद, ग्रंथसंख्या आणि देवघेव यांचे आकडे देतो. शासकीय अनुदान वर्गवारीनुसार मिळत असल्याने ते द्यावेच लागतात. मात्र या संग्रहामुळे गावातल्या माणसांच्या जगण्यात काय फरक पडला, असे कार्यकारिणीत एका तरुण सभासदाने विचारले, तेव्हा कोणालाही नीट उत्तर देता आले नाही. तुटपुंज्या मनुष्यबळाच्या संस्थेने अशा मोजणीत वेळ घालवावा का?

उत्तर १ : संग्रहालयशास्त्राची अभ्यासक, सांगली
घालवावा, असे माझे ठाम मत आहे. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली मूळपीठाच्या डोंगरावर संग्रहालय उभारले आणि राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत जे जमवले होते, ते रयतेला पाहता येईल असे केले. तिथे किती तिकिटे खपली, हे कळल्याने फक्त वर्दळ समजते. खटाव तालुक्यातल्या शाळेचा चित्रकलाशिक्षक मुलांना पुन्हा घेऊन येतो का, त्या मुलांच्या पाहण्यात आणि काढण्यात काही नवे उमटते का, हे कळले तरच पंतांच्या हेतूचे पुढे काय झाले ते समजेल. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील सायमन टॅनर यांनी २०१२ मध्ये डिजिटल संग्रहांसाठी मांडलेल्या प्रारूपातही, लोकांच्या आयुष्यात किंवा त्यांना मिळणाऱ्या संधींत दाखवता येईल असा बदल, यालाच परिणाम म्हटले आहे.

उत्तर २ : मोडी वाचक, वाई
मला यात धोका दिसतो. जुन्या कागदांच्या एखाद्या दप्तराला वर्षानुवर्षे कोणी हात लावत नाही आणि मग एका संशोधकाला त्यातलाच कागद हवा असतो. असे दप्तर मोजणीत निरुपयोगी ठरून अडगळीत गेले, तर ती हानी कायमची असेल, कारण कसर लागलेला कागद परत मिळत नाही. जतन हे संस्थेचे पहिले कर्तव्य आहे आणि ते कोणत्याही मोजणीच्या निकालावर अवलंबून असता कामा नये.

उत्तर ३ : संग्रहालयशास्त्राची अभ्यासक, सांगली
जतनाविषयीचे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. काय राखायचे हे मोजणीने ठरवू नये, राखलेले लोकांपर्यंत कसे पोहोचते एवढेच तपासावे. शिवाय वारशामुळे लोकांचा काही तोटा होत असेल, तर तोही मोजणीतून दिसतो. २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या किल्ल्यांच्या समूहाबरोबर प्रतापगडाचा युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत समावेश झाला; तिथली गर्दी वाढली, तर पायथ्याच्या गावांचे पाणी, कचरा आणि रोजगार यांचे काय झाले, हे केवळ पर्यटकांची संख्या पाहून कधीच समजणार नाही.

उत्तर ४ : निवृत्त ग्रंथपाल, मिरज
एकाच उपक्रमापासून आरंभ करा. मोडी वर्ग घेणार असाल, तर पहिल्या दिवशीच प्रत्येकाला घरातले जुने खरेदीखत किंवा पत्र वाचता येते का, हे विचारून नोंदवा. वर्ग संपल्यावर आणि पुन्हा वर्षभराने तेच विचारा. आरंभीची नोंद नसेल, तर नंतरच्या उत्तरांची तुलना कशाशीच करता येत नाही. आणि जे वाचनालयाची पायरी कधीच चढत नाहीत, त्यांच्याकडे आठवडी बाजारात जाऊन चौकशी अवश्य करा, कारण येणारे सभासद बहुधा कौतुकच करतात.