लॅपटॉपवरचं काम आणि मानदुखी: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-२०४ ताई: डॉक्टर, फिजिओ ताई, एक विचारायचं होतं. घरून काम करताना दुपारनंतर मान आणि उजवा खांदा भरून येतो. उंची ५ फूट १ इंच. डायनिंग टेबल ३० इंच उंच, खुर्चीची सीट १८ इंचांवर, लॅपटॉप १४ इंची. ऑफिसवाली चांगली खुर्ची घेऊन टाकू का?

फिजिओ ताई, बी-७०२: मापं दिलीत ते फार बरं केलंत. खुर्ची आत्ता नको. आधी वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्या. लॅपटॉपची स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, दुखण्याचं मूळ तिथे आहे. हात नीट ठेवले तर स्क्रीन खाली राहते आणि मान वाकते. स्क्रीन वर घेतली तर हात वर जातात आणि खांदे उचललेले राहतात. खुर्ची कितीही महागाची आणली तरी हा पेच सुटत नाही.

डोक्याचं वजन साधारण ५ किलो. मान सरळ असते तेव्हा ते मणक्यांवर तोललेलं असतं. मान पुढे झुकली की तेच वजन मागच्या स्नायूंना धरून ठेवावं लागतं. ४५ अंशांत झुकल्यावर मानेवरचा भार २०-२२ किलोंच्या घरात जातो, असा हिशोब मांडला गेलाय. आणि न हलता तासन्‌तास बसलं की स्नायू सतत थोडे आखडलेले राहतात, थकत जातात. म्हणून सकाळी काही वाटत नाही आणि दुपारी मान भरते.

ए-१०४ काका: मापांवरून सांगतो. ५ फूट १ इंच उंचीच्या माणसाचं कोपर बसल्यावर सीटपासून साधारण साडेआठ इंच वर येतं. १८ अधिक साडेआठ म्हणजे साडेसव्वीस. टेबल ३० इंच. साडेतीन इंचांचा फरक खांदे उचलून भरून काढला जातोय.

दोन उपाय. सोपा म्हणजे खुर्चीवर ४ इंची घट्ट फोमची गादी, बसल्यावर ती दबून साडेतीन इंचांच्या आसपास राहते. मऊ फोम घेऊ नका, महिन्याभरात बसतो आणि पैसे वाया जातात. सीट वर गेली की पाय लोंबकळणार, म्हणून पायाखाली ६ इंची चौरंग. पाटाने भागणार नाही, तो फार बुटका असतो. पाय टेकले नाहीत तर माणूस पुढे सरकून कडेवर बसतो, पाठ पोक काढते आणि मान पुन्हा पुढे.

दुसरा उपाय सुताराकडून टेबलाखाली सरकता ट्रे. १२ मिमी प्लाय, कीबोर्ड आणि माउस शेजारी-शेजारी मावतील एवढा रुंद. पण आधी टेबलाच्या कडेखालची आडवी पट्टी मोजा. ट्रेची खालची बाजू आणि सीट यांत निदान ७ इंच हवेत, नाहीतर मांडी अडकते. पट्टी खोल असेल तर ट्रेच्या नादी लागू नका.

बी-२०४ ताई: गादी आणि चौरंग जमेल काका. लॅपटॉप किती वर घ्यायचा?

फिजिओ ताई, बी-७०२: काकांच्या मापाने बसलात तर ८ इंच. प्रिंटरच्या कागदाचं ५०० पानी रिम साधारण २ इंच जाड असतं, तेव्हा चार रिमं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या दोन-अडीच इंच खाली आली पाहिजे, अंतर हातभर, म्हणजे ५० ते ७० सेंमी. स्टँड नंतर सावकाश घ्या.

उजव्या खांद्यासाठी माउस कुठे आहे ते बघा. आकड्यांचा वेगळा भाग असलेला कीबोर्ड घेतला की माउस आणखी उजवीकडे जातो आणि दिवसभर दंड बाहेर काढलेला राहतो. आकडे फार टाईप करावे लागत नसतील तर आखूड कीबोर्ड घ्या. डायनिंगच्या खुर्चीला हात नसतात, म्हणून मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग टेबलावर टेकवा.

ए-१०४ काका: टेबल खिडकीला काटकोनात ठेवा. खिडकीकडे पाठ असेल तर उजेड स्क्रीनवर पडतो आणि वाचायला माणूस आपोआप पुढे झुकतो.

सी-३०३: व्यायाम कोणते करायचे? मान गोल-गोल फिरवली तर चालेल?

फिजिओ ताई, बी-७०२: दुखत असताना पूर्ण गोल नको. मागे नेऊन फिरवताना मणक्यांचे सांधे दाबले जातात, काहींना चक्करही येते. हे करा:

हनुवटी मागे नेणं. ताठ बसा, नजर समोर, हनुवटी आडवी सरळ मागे न्या, डोकं वरखाली न करता. ५ सेकंद धरा, १० वेळा, दिवसातून तीनदा. बहुतेकजण हनुवटी छातीकडे खाली नेतात, तो व्यायाम वेगळा झाला. नीट झाला तर मानेच्या वरच्या टोकाला, कवटीखाली ताण जाणवतो.

खांद्याचा ताण. उजवा हात मांडीखाली दाबा, डोकं डावीकडे कलवा, ३० सेकंद, तीन वेळा. मग चेहरा अर्धा डावीकडे वळवून डाव्या काखेकडे बघा, तेवढाच वेळ. झटके नकोत.

हे फक्त मोकळं करायला. दुखणं परत येऊ नये म्हणून ताकद लागते आणि लोक नेमकं तेच सोडतात. कपाळावर तळहात ठेवून डोकं हाताविरुद्ध हलकं दाबा, मान हलू न देता, ६ सेकंद. मागून, दोन्ही बाजूंनीही तसंच. पूर्ण ताकदीच्या एक तृतीयांश जोर पुरे. व्यायामाचा लांब रबर बँड दाराच्या कडीला बांधून दोन्ही कोपरं मागे ओढा, १२ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर सोडू नका.

आणि दर अर्ध्या तासाला उठायचं. फोनवर बोलायला चालत जा, इअरफोन लावून. फोन कान आणि खांद्यात धरणं तर बंदच करा.

ए-६०३: सलूनमध्ये दाढीनंतर मान मोडून देतात, लगेच मोकळं वाटतं. ते चालेल?

डॉक्टर, सी-५०१: कृपा करून नको. झटक्याने मान फिरवल्यावर मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा आतला पापुद्रा फाटू शकतो आणि त्यातून पक्षाघात होतो. प्रमाण कमी आहे, पण झालं तर भरून न येणारं नुकसान. घरच्यांनाही सांगा.

घरी शेक चालतो, १५ मिनिटं, पिशवीभोवती टॉवेल गुंडाळून. मानेचा पट्टा दिवसच्या दिवस घालू नका, स्नायू सुस्तावतात. रक्तदाब, किडनी किंवा अल्सरचा त्रास असेल तर दुकानातून वेदनाशामक गोळी परस्पर घेऊ नका.

साधी मानदुखी बहुधा काही आठवड्यांत उतरते, त्यासाठी लगेच एमआरआय नको. चाळिशीनंतर न दुखणाऱ्या मानेच्या रिपोर्टमध्येही झीज दिसते, वाचून घाबरायला होतं. पण मुंग्या हातात उतरत असतील तर या. अंगठ्याकडे मुंग्या असल्या तर मानेतली सहावी नस दबलेली असू शकते, मधल्या बोटात सातवी, करंगळीत आठवी. करंगळीच्या मुंग्या टेबलाच्या कडेवर कोपर टेकवूनही येतात, ते आधी बघा.

हातातून वस्तू निसटणं, शर्टाची बटणं लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा जाणं, तापासोबत मान ताठरणं, पडल्यानंतर मान दुखणं: यांत दिवस घालवू नका. मानेसोबत छाती, जबडा किंवा डावा हात भरून येऊन घाम फुटला तर थेट इस्पितळ गाठा. नेहमीच्या मानदुखीला केईएम, सायन, नायर या मुंबई पालिकेच्या रुग्णालयांतही फिजिओथेरपी विभाग आहेत.

ए-६०३: धन्यवाद डॉक्टर. उशी काढून झोपावं का?

फिजिओ ताई, बी-७०२: नाही. कुशीवर झोपत असाल तर उशी खांदा आणि कान यांतली जागा भरेल एवढी, साधारण ४ ते ५ इंच. उताणं झोपणाऱ्यांना त्याहून कमी. कापसाच्या उशीत गोळे झाले असतील तर पिंजून घ्या, गोळ्यांवर मान रात्रभर तिरकी राहते. पालथं झोपू नका.

सी-३०३: आईचा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, तीही लॅपटॉपवर काम करते. तिलाही चार रिमं?

फिजिओ ताई, बी-७०२: नाही, त्यांना कमी. प्रोग्रेसिव्हमध्ये जवळचं काचेच्या खालच्या भागातून दिसतं. स्क्रीन उंच ठेवली तर त्या हनुवटी वर करून बघतील आणि मानेचा मागचा भाग दिवसभर दबलेला राहील. एक रिम काढून बघा, तरी हनुवटी उचलली जात असेल तर अजून एक. रोज तास-दोन तासांहून जास्त काम असेल तर स्क्रीनच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या. चष्म्याच्या दुकानात जाताना डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर सेंटीमीटरमध्ये मोजून न्या.