मदत हवी आहे : अकरावीच्या मुलांना ग्रीक उपसर्ग कसे शिकवू?

नमस्कार. औसा तालुक्यात मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली लेकरं हायपर, हायपो, एपि, एंडो यांपाशी अडतात. हुशार आहेत, नीटसाठी मनापासून राबतात, पण एकेक शब्द सुटा घोकतात. ते मला बघवत नाही.

म्हणून ओळखीच्या शब्दांपासून सुरुवात केली. सातबाऱ्यावरचा हेक्टर : ग्रीक 'हेकाटोन' म्हणजे शंभर, म्हणून १०० आर म्हणजे १ हेक्टर. मोंढ्यातल्या काट्यावरचा किलो म्हणजे हजार. आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप तर इथे घराघरात माहीत आहे. जमिनीखाली जिथून खडक फुटायला सुरुवात होते ते हायपोसेंटर, त्याच्या बरोबर वर पृष्ठभागावर एपिसेंटर. एवढं कळल्यावर एपिडर्मिस (त्वचेचा वरचा थर) कुठे आणि हायपोथॅलॅमस (मेंदूतल्या थॅलॅमसच्या खालचा भाग) कुठे, हे मुलांनीच सांगितलं!

आता दोन ठिकाणी गाडं अडलंय. पेरिमीटर आणि परिमिती इतके सारखे कसे, असं एकीनं विचारलं. मग सगळेच उपसर्ग संस्कृतच्या आधारानं शिकवले तर चालेल का? दुसरं, देवनागरीत अँटिबायोटिक आणि अँटिनेटल सारखेच दिसतात. 'मॅडम, गरोदर बाईची विरुद्ध तपासणी कशी?' असं मुली विचारतात. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद :
मॅडम, सगळे नको. नातं आणि अर्थ दोन्ही टिकलेत तेवढेच घ्या. पेरि आणि परि, हायपर आणि उपरि (आपला 'वर' या उपरीतूनच आलाय). ॲनिमियातला 'अन्' आपल्या अनादर, अनुचितमध्येही आहे. डिसेंट्रीतला 'डिस' म्हणजे दुष्काळातला 'दुस्'. मात्र डिसइन्फेक्टमधला 'डिस' लॅटिन, तो वेगळा.

हायपोचं नातं 'उप'शी आहे खरं, पण मुलांच्या डोक्यात उपनगर, उपसरपंच येतात, खाली असल्याचा अर्थ येत नाही. तिथे किल्लारीच बरी. अँटीचा संस्कृत भाऊ 'अन्ति', त्याचा अर्थ जवळ! तो वर्गात आणूच नका.

गरोदरपणातल्या तपासणीचा शब्द फळ्यावर 'अँटेनेटल' असा लिहा. लॅटिन 'अँटे' म्हणजे आधी, म्हणून जन्माआधीची तपासणी.

हायपर-हायपोवर मात्र हवा तेवढा वेळ द्या. यातली काही लेकरं उद्या नर्सिंगला जातील. रक्तातली साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की हायपोग्लायसेमिया, तिथे रुग्णाला लगेच साखर द्यायची असते. हायपरग्लायसेमियात, म्हणजे साखर आधीच वाढलेली असताना, तीच साखर घातक.