मदत हवी आहे: सव्हाना शहराच्या गाडीतल्या बंदुकांच्या नियमाला विरोध

जॉर्जियातल्या सव्हानाने एप्रिल 2024 मध्ये नियम केला: कुलूप नसलेल्या उभ्या गाडीत बंदूक ठेवली तर 1,000 डॉलरपर्यंत दंड आणि 30 दिवसांपर्यंत कैद. आमचा विरोध कुलुपाला नाही. सीटच्या लोखंडी पायाला स्टीलच्या केबलने बांधलेली छोटी तिजोरी प्रत्येकाने ठेवावीच. डॅशबोर्डचा कप्पा स्क्रूड्रायव्हरने उचकटला जातो. विरोध शहराने असा नियम करण्याच्या अधिकाराला आहे. राज्याच्या संहितेतलं कलम 16-11-173 शहरांना बंदूक बाळगण्यावर किंवा नेण्या-आणण्यावर नियम करू देत नाही, आणि राज्याच्या महाधिवक्त्यांनीही शहराला तसंच कळवलं होतं.

त्या राज्यात वकिली करणाऱ्यांना विचारायचंय: समन्स न मिळालेल्या रहिवाशाला थेट सुपीरियर कोर्टात (राज्याच्या मुख्य दिवाणी-फौजदारी न्यायालयात) जाता येतं का? बहुतेक दावे इथेच अडकतात, कारण प्रत्यक्ष झळ दाखवावी लागते. समन्स मिळालं असेल तर अधिकाराचा मुद्दा रेकॉर्डर्स कोर्टात (शहराच्या नियमभंगाचे खटले चालवणाऱ्या स्थानिक न्यायालयात) पहिल्याच तारखेला लेखी मांडायचा की आधी गुन्हा नाकबूल करायचा? दंड मुकाट भरला तर पुढे दाद मागता येते का, हेही सांगा. अर्जाचा कच्चा मसुदा तपासून देणारं कुणी असेल तर फार मदत होईल.