बाहेरच्या मालामुळं कारखाना बंद होतोय, कामगाराला सरकारकडून काय मिळतं?

अक्कलकोटरोड_धाकटा
नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. माझा मोठा भाऊ एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूम चालवतो, दहा वर्षांच्या वर झाली. मालक म्हणायलाय की बाहेरून मायक्रोफायबरचे टॉवेल इतके स्वस्त यायलेत की आपला सुती टेरी टॉवेल व्यापारी उचलतच नाही, गोडाऊनला गठ्ठे पडून आहेत, पुढच्या महिन्यात कारखाना बंद. सगळ्यांना एकेक छापील कागद दिलाय, त्यावर 'मी स्वखुशीने काम सोडत आहे' असं लिहिलंय, सही करा लगेच हिशेब देतो म्हणतो. ईएसआय (सरकारी कामगार विमा) आहे, पीएफ कापतात. अमेरिकेत म्हणे आयातीमुळं काम गेलं तर सरकार मदत देतं, आपल्याकडं असं काही आहे का? आणि सही करू द्यावी का? वहिनी घरी विड्या वळते, तेवढ्यावर घर चालायचं नाही.

लालबावटा_काका
आधी सहीचं बघा. अजिबात करू देऊ नका!! त्या एका ओळीनं कारखाना बंद झाल्याचं कागदावरून जातं आणि तुमचा भाऊ आपणहून गेला असं होतं, मग नुकसानभरपाई कशाची मागणार? बंद पडला तर दर वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई द्यावी लागते, ग्रॅच्युइटी त्याच्या वेगळी (५ वर्षं भरली की हक्काची). मालक सांगेल की नाईलाज झाला म्हणून तीनच महिन्यांचा पगार देतो, तशी सवलत कायद्यात आहे खरी, पण तिथंच स्पष्ट लिहिलंय की तोटा झाला किंवा माल पडून राहिला हे नाईलाजाचं कारण धरत नाहीत. म्हणजे तुमचे ते गोडाऊनचे गठ्ठे मालकाला वाचवत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, म्हणजे नवा कामगार कायदा, लागू झालीय, तिच्यातही हे तसंच आहे. बंद झाल्याचं पत्र लेखी मागा, नाही दिलं तर सगळे मिळून सहायक कामगार आयुक्तांकडं अर्ज द्या, एकट्यानं जाऊ नका.

विमापान
काकांचं बरोबर आहे आणि ईएसआयला पण तोच कागद नडतो. ईएसआयच्या काम गेलेल्यांसाठी दोन योजना आहेत, लोक घोळ करतात. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना २००५ पासून आहे, कारखाना बंद किंवा कामगार कपात झाली आणि वर्गणी किमान दोन वर्षं भरलेली असली की पहिलं वर्ष रोजच्या सरासरी पगाराच्या ५० टक्के, दुसरं वर्ष २५ टक्के, आणि त्या काळात घरच्यांचा दवाखाना चालू राहतो. दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण, २०१८ ची, ती आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त ९० दिवसांची, तिला मुदतवाढ देत देत चालवतात म्हणून शाखेत चालू आहे का विचारून घ्या. तुमच्या भावाला आधी पहिली बघा. आजच ईएसआयच्या साइटवर वर्गणी किती दिवसांची जमा आहे ते काढून ठेवा, मालक कापतो ते भरतोच असं नसतं.

परदेशी_पाहुणा
अमेरिकेचं सांगतो. ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स, १९६२ ला राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या काळात सुरू झालं, १९७४ च्या कायद्यानं मोठं झालं. तीन कामगारांनी मिळून अर्ज केला तरी चालायचा, आयातीमुळंच काम गेलं असं तिथल्या कामगार खात्यानं ठरवलं की नवीन धंद्याचं शिक्षण, शिकताना भत्ता, आणि ५० वर्षांच्या पुढच्या माणसाला कमी पगाराचं काम मिळालं तर फरकाचा अर्धा हिस्सा. पण १ जुलै २०२२ पासून नवीन अर्ज मंजूर करणं थांबलंय, तिथल्या संसदेनं मुदत वाढवली नाही. आपल्याकडं काम का गेलं हे कुणी विचारत नाही, कसं गेलं तेवढंच बघतात. मला हे चुकीचं वाटतं, व्यापाराचे करार सरकार करणार, आयात शुल्क सरकार ठरवणार आणि पोटावर पाय लूमवाल्याच्या.

पूर्वभाग_अक्का
आमच्या ह्यांचं सांगते. एकाच शेडमध्ये तीन फर्मच्या पाट्या, हजेरी एकीकडं, पगार दुसरीकडनं, आणि बंद झाल्यावर कळलं की नाव कुठल्याच मस्टरवर (हजेरीपटावर) नाही. वर लिहिलेलं एकही आम्हाला लागू झालं नाही. कांडी भरणाऱ्या बायका तर कुठंच नसतात. पूर्वी गिरण्यांच्या कामगारांना १९८६ चा पुनर्वसन निधी होता, पहिल्या वर्षी ७५ टक्के पगार, मग ५०, मग २५, तो २०१७ ला राजीव गांधी योजनेतच मिसळला, पण लूमवर रोजानं जाणाऱ्याला तेव्हाही काही नव्हतं. दादा, भावाच्या पगाराच्या पावत्या, बँकेचं पासबुक, मालकानं दिवाळीला दिलेल्या बोनसची चिठ्ठी, काय असेल ते जमा करा. शेजारच्या लूमवर ज्याचं नाव नाही त्यालाही सोबत घ्या, त्याची साक्ष तुमच्या भावाच्या आणि भावाची साक्ष त्याच्या कामाला येते.

अक्कलकोटरोड_धाकटा
सगळ्यांचे आभार. भावाला फोन केला, त्यानं सही केलेली नाही अजून, पण सात-आठ जणांनी केलीय. त्यांचं काही होऊ शकतं का?

लालबावटा_काका
होऊ शकतं. दबाव टाकून किंवा न वाचता घेतली असेल तर तसं लेखी पत्र मालकाला रजिस्टरनं पाठवा आणि एक प्रत कामगार आयुक्तांना, ते पण हिशेबाचे पैसे उचलायच्या आत. उद्याच्या उद्या करा.