भाचीने मला सांगितलंय, दादाला सांगू का? आणि डॉक्टर कुठला बघू?

कराडची_आत्या

नमस्कार. नवीन आयडी काढलाय कारण जुन्या आयडीवर माहेरची दोन-तीन माणसं आहेत. भाची १६ वर्षांची, अकरावी सायन्स, गावावरून एसटीने रोज ये-जा परवडेना म्हणून जूनपासून माझ्याकडे राहते. पोरगी कबड्डीची, लेफ्ट कॉर्नर, घोटा धरला की रेडर हलत नाही अशी. दिवाळीनंतर ग्राऊंड बंद केलं, आधी म्हणाली गुडघा दुखतोय मग म्हणाली टेस्ट आहेत. परवा झाडताना कॉटखालची किटबॅग ओढली तर नी-कॅप घामाने वाळून पापडासारख्या कडक झालेल्या, महिनाभर हात लावलेला नाही. डबा अर्धा परत येतो. रात्री दोनला पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात अंधारात ओट्याला टेकून बसलेली.

मागच्या रविवारी दोघी मेथी निवडत होतो आणि ही मान वर न करता म्हणाली, आत्या मला मुली आवडतात, मुलं नाही. मी बरं म्हटलं आणि मेथी निवडत राहिले, दुसरं काही सुचलंच नाही हो. मग हळूहळू बाहेर आलं की टीममधल्या एका मैत्रिणीला तिने विश्वासाने सांगितलं होतं आणि तिने सगळ्यांना सांगितलं. कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त ही आली की बाकीच्या कपडे बदलायला बाहेर जातात आणि बेंचवर हिच्या शेजारी कोणी बसत नाही.

आता माझे प्रश्न. हे हार्मोनचं काही असतं का, तिला पाळीचा त्रास आहे आधीपासून. ओळखीतल्या एकीने दुसऱ्या जिल्ह्यातला एक डॉक्टर सांगितला, तीन महिन्यांत "नॉर्मल" करतो म्हणे, पैसे आधी. आणि दादा-वहिनीला सांगू का? पोर त्यांची आहे, उद्या काही झालं तर मला काय म्हणतील. पण तिने शपथ घातलीये.

सह्यकडा

ताई वय आहे हे, जातं. आमच्या वेळी पण मुली मुली हातात हात घालून फिरायच्या कोणी काही म्हणत नव्हतं, आता मोबाईलमुळे सगळ्याला नावं मिळालीत. मोबाईल काढून घ्या, आईवडिलांना सांगून मोकळ्या व्हा, बारावी झाली की स्थळं बघायला लागा, आपोआप ठीक होईल.

इचलकरंजीचा_पोरगा

आपोआप काही होत नाही दादा. मी गे आहे, वय २९, आता पुण्यात असतो. मी सतरा वर्षांचा असताना घरच्यांनी असाच एक "नॉर्मल करणारा" गाठला होता. त्याने पुड्या दिल्या, दुधातून घ्यायच्या, आणि हाताला रबरबँड बांधायला लावलं, मनात मुलगा आला की ओढून सोडायचं. चार महिने मी ते केलं. मुलं आवडायची थांबली नाहीत, फक्त मनगट सुजलं आणि मी घरात बोलायचा थांबलो, बारावीला ५१ टक्के, दहावीला ८८ होते. म्हणजे पैसे देऊन माझं डोकं फिरवून घेतलं, दुसरं काही नाही. आत्या, त्या माणसाकडे नेऊ नका, बाकी काही नाही जमलं तरी चालेल.

आणि लग्नाचं जे वर लिहिलंय त्याबद्दल, मुलीच्या बाबतीत हीच जास्त भीती असते. मुलाला घरातून हाकलतात, मुलीला बोहल्यावर चढवतात. १८ च्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, तशी वेळ आली तर १०९८ ला फोन करता येतो, लक्षात ठेवा.

तुम्ही "बरं" म्हणून मेथी निवडत राहिलात ना, ते लाखाचं काम केलंत. माझ्या मामाने तेच केलं होतं. मी सांगितल्यावर म्हणाला, जेवलास का. त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं काढली असं म्हटलं तरी चालेल.

डॉ_ओपीडीतून

मानसोपचाराची प्रॅक्टिस आहे, नाव देत नाही. मुलगी आवडणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आपल्याकडे इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही २०१८ मध्ये हेच जाहीर सांगितलं. आणि "बदलून देतो" हा प्रकार, ज्याला कन्व्हर्जन थेरपी म्हणतात, तो मद्रास हायकोर्टाच्या २०२१ च्या निकालानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलाय. रजिस्टर्ड डॉक्टर असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार होते. पुडीवाला भोंदू असेल तर तो या कौन्सिलच्या कक्षेतच येत नाही, म्हणून त्याच्यापासून जास्त जपा.

पाळीचा त्रास वेगळा, तो स्त्रीरोगतज्ज्ञाला जरूर दाखवा पण पाळीसाठी म्हणून. थायरॉईड, पीसीओडी ठीक झालं म्हणून आवड बदलत नाही.

तिची खरी तक्रार तुम्हीच लिहिली आहे: झोप गेली, जेवण कमी, जे आवडायचं ते सुटलं. दोन आठवड्यांच्या वर असं चाललं की आम्ही डिप्रेशनच्या अंगाने विचार करतो. मुली आवडतात म्हणून ते आलेलं नाही, शेजारची जागा रिकामी राहते त्याने आलंय. अमेरिकेतला कॅटलिन रायन यांचा २००९ चा एक अभ्यास आहे, ज्या गे-लेस्बियन-बायसेक्शुअल तरुणांना घरच्यांनी फार झिडकारलं होतं त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, घरातून फारसं न झिडकारलेल्यांच्या तुलनेत ८ पटींहून जास्त दिसलं. तिथला अभ्यास आहे, आपली घरं वेगळी, पण ओपीडीत मला दिसतं ते याच दिशेचं.

आजच करायचं काम म्हणजे तिला सरळ विचारा, "मरून जावंसं वाटतं का कधी?" विचारल्याने डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर एकटं ठेवू नका, घरातली फवारणीची औषधं, झोपेच्या गोळ्या कुलपात टाका आणि वेळ न घालवता डॉक्टरकडे न्या. १४४१६ ही टेली-मानस हेल्पलाईन सरकारी आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात.

डॉक्टर ठरवताना फोनवरच विचारा, "मुलीला मुली आवडतात, तुम्ही ते बदलायचा प्रयत्न करता का?" समोरचा अडखळला किंवा "बघू, प्रयत्न करू" म्हणाला तर फोन ठेवा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम १८ प्रमाणे लैंगिक कल आड आणून उपचारात भेदभाव करता येत नाही, त्यामुळे विचारायला लाजू नका. ती १८ च्या आत आहे, औषधं सुरू करायची तर पालकांची संमती लागेल, तेव्हा दादांना "झोप-जेवण बिघडलंय, डॉक्टरला दाखवते" एवढं सांगावंच लागेल. ते खोटंही नाही. कारण सांगायचं की नाही हे तिचं.

कराडची_आत्या

डॉक्टर, विचारलं. माझेच हात कापत होते. म्हणाली मरावंसं नाही वाटत पण "नसते तर बरं झालं असतं" असं वाटतं. याचा काय अर्थ घ्यायचा? फवारणीचं औषध माळ्यावर होतं, ते शेतावरच्या खोलीत पाठवलं. आणि तिचा मोबाईल मी काढून घेणार नाहीये, सह्यकडा यांनी राग मानू नये, त्यात तिची पुण्याची एक मैत्रीण आहे जिच्याशी ती बोलते तेवढी.

डॉ_ओपीडीतून

अर्थ असा की थांबायचं नाही, याच आठवड्यात दाखवा. आणि ती डॉक्टरला हेच वाक्य जसंच्या तसं सांगू दे, तुम्ही सारवासारव करू नका.

इचलकरंजीचा_पोरगा

मोबाईलबद्दल सहमत, फक्त एक. डेटिंग अॅपवर वय १८ टाकून गेली नाहीये ना हे प्रेमाने विचारा, ओरडून नको. मी गेलो होतो, फोटो दाखवून पैसे मागणारा भेटला आणि घरी माहीत नसल्यामुळे कोणाला सांगणार. असं काही झालं तर आत्याला सांगता येतं एवढं तिला माहीत पाहिजे.

दोन_मुलांची_आई_ठाणे

मी उशिरा बघितला हा धागा. माझ्या मोठ्याने १९ व्या वर्षी मला सांगितलं आणि मी पहिल्याच आठवड्यात जावेला सांगून टाकलं, आपल्या जिवाभावाची म्हणून. संध्याकाळपर्यंत सासूबाईंपर्यंत गेलं. मुलगा माझ्याशी सात महिने धड बोलला नाही, आणि तो गे आहे हे पचवायला मला जितका त्रास झाला त्याहून जास्त त्या सात महिन्यांचा झाला. म्हणून सांगते, शपथ मोडू नका. तिला विचारा, आईबाबांना सांगायचंय का, कधी, कोण सांगणार, तू असणार की मी एकटी. मुंबईत "स्वीकार" म्हणून अशा मुलांच्या आईवडिलांचा ग्रुप आहे, मला तिथे पहिल्यांदा कळलं की रडणारी मी एकटी नाही. वहिनींना पुढे कधी लागला तर.

आणि ती खेळाडू आहे ना, तिला द्युती चंदबद्दल माहीत आहे का? ओडिशातल्या खेड्यातली धावपटू, २०१८ च्या एशियन गेम्समध्ये दोन सिल्व्हर, २०१९ मध्ये जाहीर सांगितलं की माझं एका मुलीवर प्रेम आहे. घरातून विरोध झालाच. पण पळायची थांबली नाही.

सह्यकडा

मी वाईट हेतूने नव्हतो म्हणत. मला दोन मुली आहेत. डॉक्टरांचं वाचून गप्प बसलोय.

कराडची_आत्या

सगळ्यांना एकदमच लिहिते. साताऱ्याच्या एक मॅडम मिळाल्या, फोनवर तो प्रश्न विचारला तर म्हणाल्या "बदलायचं कशाला, झोपेचं बघू". गुरुवारची साडेचारची वेळ आहे. दादाला फोन करून झोप-जेवणाचं सांगितलं, तो म्हणाला पित्त असेल, तू ने, मी पैसे पाठवतो. बाकी काही बोलले नाही. भाची शेजारी बसून ऐकत होती, फोन ठेवल्यावर म्हणाली बाबांना मी सांगेन, पण बारावीनंतर.

द्युती चंद तिला माहीत होती, माझ्यापेक्षा जास्त. १०० मीटरची वेळ पण सांगितली.

आता एकच अडचण, ग्राऊंडचे सर विचारतायत की जिल्ह्याच्या टीमला येणार का, यादी पंधरा दिवसांत द्यायचीय. तिला खेळायचंय पण त्या मुलींसोबत नाही. सरांना नेमकं काय सांगावं, कोणाला अनुभव आहे का? सर माणूस बरे आहेत पण तोंडाला कुलूप नाही.