सिनियर सोडून गेले, त्यांचं सगळं काम माझ्याकडे, पगार मात्र तोच. कसं मागू?

टॅलीवाली_भोसरी
नमस्कार सगळ्यांना. भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत अकाउंट असिस्टंट आहे, मशीनिंगचं जॉबवर्क चालतं, ऑफिसात आम्ही चौघंच. साडेतीन वर्षं झाली. दिवाळी झाल्या झाल्या आमचे सिनियर अकाउंटंट काका सोडून गेले, साहेब म्हणाले नवीन माणूस मिळेपर्यंत सांभाळ, आता मार्च अर्धा संपला आणि नवीन माणसाचं कोणी नावसुद्धा काढत नाही. आधी माझं काम म्हणजे परचेसच्या एन्ट्र्या, बँक मॅच करणं, पेटी कॅश. आता ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, १५ ला पीएफ आणि ईएसआयसीची (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) चलनं, २० ला जीएसटी भरायचं ३बी रिटर्न, मध्येच बँकेला सीसीचं (कॅश क्रेडिट, धंद्याचं खेळतं कर्ज) स्टॉक स्टेटमेंट, आणि गेटवर गाडी उभी राहिली की ई-वे बिल (माल नेतानाचा जीएसटीचा ऑनलाईन कागद) पण मीच काढायचं कारण "कॉम्प्युटरसमोर तूच असतेस ना". पगार ग्रॉस, म्हणजे कपातीआधी, २०,५०० आहे. जानेवारीत धीर करून विषय काढला तर म्हणाले तू घरातलीच आहेस, मार्च संपू दे, बघू. वर चहा पाजला. मला बोलायला गेलं की रडू येतं हा एक वेगळाच प्रॉब्लेम. किती मागू? नाहीतर सोडते असं सांगू का सरळ?

अर्धा_कटिंग
घरातल्यांना पगार नसतो ताई, साहेबांचा हिशोब बरोबर आहे 😄

खडूस_ऑडिटर
आधी हे सांग, काका गेल्यावर एखादं रिटर्न उशिरा गेलं होतं का?

टॅलीवाली_भोसरी
हो, ऑक्टोबरचं जीएसटीआर-१. मला लॉगिनचा पासवर्डच माहीत नव्हता, मोबाईल नंबर पण काकांचाच टाकलेला, ११ नोव्हेंबरच्या ऐवजी २३ ला गेलं. मोठ्या कस्टमरने जीएसटीची रक्कम अडवून ठेवली, साडेतीन लाखाच्या आसपास. त्यानंतर एकही लेट नाही.

खडूस_ऑडिटर
झालं मग, तुझं उत्तर यातच आहे. लेट फी बघ किती, दिवसाला ५० म्हणजे १२ दिवसांचे ६०० रुपये, ते साहेबांच्या लक्षातही नसतील. पण कस्टमरला १४ तारखेच्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या त्याच्या खरेदीच्या यादीत, तुमचं बिल दिसलं नाही, त्याला त्या जीएसटीचं क्रेडिट नाही, म्हणून त्याने पैसे धरले आणि ते डिसेंबरच्या १४ नंतर सुटले, बरोबर ना? साडेतीन लाख महिनाभर अडकले आणि इकडे सीसीवर व्याज चालू. हे साहेबांना पक्कं आठवत असणार. तू काय करतेस, मला काम खूप आहे मला त्रास होतो असं सांगायला जातेस, त्यावर चहाच मिळतो. एक कागद घे, डावीकडे दिवाळीआधी काय करायचीस, उजवीकडे आता काय करतेस तारखांसकट, आणि खाली एक ओळ, नोव्हेंबरनंतर एकही रिटर्न लेट नाही. कागद टेबलावर ठेवायचा. रडू आलं तर येऊ दे, कागदाला येत नाही.

आणि आकडा तूच आधी बोलायचा. "तुम्हीच बघा साहेब" म्हणालीस की हजार रुपये आले समज. काकांना किती होता ते तुला माहीत असणारच, पगारपत्रक आता तूच बनवतेस.

टॅलीवाली_भोसरी
३४ होता 🙈

लेथवाला
मी टेबलाच्या पलीकडचा माणूस, चिखलीला छोटं वर्कशॉप आहे, तर थोडं आमच्या बाजूने पण ऐका. पेमेंटसाठी कायद्यात ४५ दिवस लिहिलेत, आम्हाला ९० ला मिळालं तरी पेढे वाटावेसे वाटतात, त्यामुळे पगार वाढव म्हटलं की पोटात गोळा येतो हे खरं आहे. पण ताई, तुमचे साहेब दर महिन्याला ३४ हजार वाचवतायत आणि नोव्हेंबरपासून गप्प आहेत म्हणजे त्यांना सगळं कळतंय. मी पण हेच केलंय एकाच्या बाबतीत, खोटं कशाला बोलू. तो गेला तेव्हा कळलं.

मार्च संपायची वाट बघू नका. आत्ता वर्षअखेर तुमच्या हातात आहे, एकदा एप्रिलचे पगार ठरले की "आता पुढच्या वर्षी". ७, ११, २० या तारखांना जाऊ नका, पगाराच्या दिवशी तर नकोच. तुमच्याकडे गुरुवारी सुट्टी असेल तर बुधवारी संध्याकाळी पाचनंतर जा, माणूस जरा सैल असतो. आणि सोडते म्हणून धमकी द्यायची तर खरंच दुसरीकडे ठरलेलं असू दे, नुसती हूल आम्हाला लगेच ओळखू येते.

पाऊस_पुण्याचा
एवढं कशाला, सरळ दुसरीकडे इंटरव्ह्यू द्यायचे. जीएसटी पीएफ दोन्ही येणारी माणसं मिळत नाहीत आमच्या चाकणला.

निळं_कार्ड
थांबा, एक महत्त्वाची गोष्ट कोणी बोललं नाही. ताई तुम्ही ईएसआयसीत आहात, त्यात राहायला पगाराचं लिमिट २१,००० आहे. घरात कोणाचं औषधपाणी चालू आहे का त्यावर?

टॅलीवाली_भोसरी
आईचं. शुगर आणि थायरॉईड, दर महिन्याला गोळ्या तिथूनच आणते. अरे देवा, हे डोक्यातच नव्हतं. दर महिन्याला चलन मीच भरते आणि माझंच लक्षात आलं नाही.

निळं_कार्ड
घाबरू नका. वाढ १ एप्रिलपासून लागली तर ईएसआयसीची सहामाही (एप्रिल ते सप्टेंबर) सुरू होतानाच तुम्ही २१ च्या वर, म्हणजे एप्रिलपासून कपात बंद, आणि आधीच्या सहामाहीच्या जोरावर फायदा डिसेंबरअखेरपर्यंतच. पण वाढ मे पासून लागली तर सप्टेंबरपर्यंत कपात चालूच राहते आणि मग कार्ड पुढच्या जूनअखेरपर्यंत चालतं. एक महिन्याची वाढ सोडायची, सहा महिने आईची सोय. ब्रँच ऑफिसला जाऊन एकदा विचारून घ्या तरी. तोवर आईसाठी मेडिक्लेमची चौकशी सुरू करा, शुगर असली की वेटिंग पिरियड लावतात.

खडूस_ऑडिटर
हे भारी सांगितलं. अजून एक, बायकांना २५,००० पर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही, त्याच्या वर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. पण २०० रुपयांसाठी आकडा खाली आणू नकोस हां, असे महाभाग पाहिलेत मी. आणि साहेब "२५ देतो" म्हणाले तर आधी विचार, ग्रॉस की कंपनीचा पीएफ धरून? छोट्या कंपनीत ही गंमत हमखास होते.

टॅलीवाली_भोसरी
अपडेट देते, बुधवारी गेले होते. कागद ठेवला आणि मीच आधी २८ हजार म्हणाले. साहेब बराच वेळ कागदच बघत होते, मग नोव्हेंबरच्या त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले हा लेट तुझाच ना. इथे मला रडू येणार होतं पण राग आला, म्हटलं पासवर्ड काकांच्या मोबाईलवर होता, १२ दिवस मी त्यांच्या घरी फेऱ्या मारत होते, ते पण माझ्या स्कूटीच्या पेट्रोलने. मग गप्प. शेवटी २४,५०० ग्रॉस, कंपनीचा पीएफ वेगळा, ऑक्टोबरमध्ये परत बसू म्हणाले. ई-वे बिल आता स्टोअरवाला काढणार, त्याला मी शिकवायचं. मे पासून द्या म्हटल्यावर त्यांनी दोनदा विचारलं, नक्की मे ना, एप्रिल नको? आईच्या कार्डाचं सांगितलं तर हो म्हणाले.

लेथवाला
२४,५०० कमीच आहे, पण ऑक्टोबरचं कागदावर घ्या. लेटर मिळालं का?

टॅलीवाली_भोसरी
टाईप करून आण, सही करतो म्हणाले. म्हणजे ते पण काम माझ्याकडेच 😑