छतावरचा दिवा स्वतः बदलताना: तुमचे अनुभव लिहा

दिवाळीच्या साफसफाईत ट्यूबच्या जुन्या पट्ट्या उतरतात आणि त्यांच्या जागी एलईडी येतात. एवढ्याशा कामाला वायरमन लवकर मिळत नाही, मग घरातलंच कुणीतरी स्टुलावर चढतं. चढायला हरकत नाही. काळजी वाटते ती एकाच गोष्टीची: भिंतीवरचं बटण बंद केलं की वीज गेली असं धरून आपण २३० व्होल्टच्या तारेला हात घालतो. तुमच्या घरात तारेत करंट उरलेला नाही हे तुम्ही कसं ठरवलंत? फिटिंग उघडल्यावर आत काय निघालं? आणि कुठे थांबून जाणत्या माणसाला बोलावलंत? सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. आमच्या स्वयंपाकघरात स्लॅबला उलटी लावलेली चार फुटी पट्टी होती, ४० वॅटची, चोक-स्टार्टरवाली. मेन बंद केला आणि सगळ्यात आधी ट्यूब काढून वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवली. ट्यूबमध्ये पारा असतो, ती घरात फुटता कामा नये. चोकमुळे अशी पट्टी चांगलीच जड असते, एका टोकाचा स्क्रू सुटला की दुसऱ्यावर लोंबकळते. म्हणून मुलाला समोरच्या घोड्यावर उभं केलं होतं, त्याने पट्टी धरली आणि मी सीलिंग रोजमधल्या (छतावरची तारा जोडायची गोल डबी) तारा सोडवल्या. नवीन पट्टी २० वॅटची, वजनाला काहीच नाही. जुन्या गुट्ट्या भुसभुशीत झाल्या होत्या, तिथे ड्रिलने नवीन भोकं घेतली.

ठाणे

ताई, आमच्याकडचा प्रकार प्रत्येक इन्व्हर्टरवाल्याने वाचावा असा आहे. हॉलमधला दिवा बदलायचा होता. त्या खोलीचा एमसीबी (एकेका लाइनची वीज तोडणारा खटका) पाडला, दिवा गेला नाही. मग मेनच पाडला. फ्रिज बंद, टीव्ही बंद, आणि हॉलचा दिवा क्षणभर मिचकावून पुन्हा लागला. कारण तो पॉइंट इन्व्हर्टरवर! मेन पडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो बॅटरीवरून २३० व्होल्ट त्याच तारेत सोडतो. आमचा दिवा चालू होता म्हणून कळलं. जळून गेलेला दिवा बदलायला चढलो असतो तर कळायला काही मार्गच नव्हता.

याची दुसरी बाजूही नीट समजून घ्या. नुसतं इन्व्हर्टरच्या तोंडावरचं बटण बंद करूनही चालत नाही. बाहेरची लाइट असेल तर बऱ्याच इन्व्हर्टरमधून ती तशीच पुढे पॉइंटला जाते, बटणाने फक्त बॅटरीवरून वीज देणं थांबतं. म्हणजे मेनही बंद हवा आणि इन्व्हर्टरही. आम्ही आता डीबीच्या, म्हणजे मेन आणि एमसीबी असतात त्या पेटीच्या, झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय: कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा, आणि कोणते पॉइंट इन्व्हर्टरवर.

रत्नागिरी जिल्हा

आमचं घर कौलारू, आजोबांच्या काळातलं. माजघरातला होल्डर तुळईवर, लाकडी गोल ब्लॉकवर बसवलेला. वायरिंग लाकडी पट्टीवरून क्लिपा मारून नेलेलं, कापडाच्या वेष्टणाचं, आत रबर. मेन बंद करून ब्लॉक उघडला आणि तार जराशी बाजूला केली, तर रबराचे कपचे झाले आणि तांबं उघडं पडलं. जितकं मागे बघावं तितकं तेच. अशा तारेला नवीन होल्डर जोडून उपयोग नसतो. हलवल्यामुळे ती कुठे कुठे तडकली ते बाहेरून दिसत नाही, आणि खाली कोरडं लाकूड. मेन तसाच बंद ठेवला आणि गावातल्या वायरमनना बोलावलं. त्यांनी माजघर आणि ओटी दोन्हीकडचं वायरिंग बदललं. जुन्या घरवाल्यांनो, तार मऊ आहे का हे आधी बघा. वाकवताना कुरकुरली तर हात काढून घ्या.

सांगली

मी वायरमन. आयटीआय करून आयुष्यभर हेच काम केलं, आता मुलगा करतो. चार गोष्टी सांगतो.

पहिली, टेस्टरची. टेस्टरमधला निऑनचा दिवा तुमच्या अंगातून जाणाऱ्या अगदी थोड्या करंटवर पेटतो. तुम्ही रबरी चप्पल घालून कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल तर करंट असूनही तो इतका मंद पेटतो की दिवसाउजेडी दिसत नाही. म्हणजे टेस्टर पेटला तर करंट आहे असंच धरा, नाही पेटला तर नाही असं मात्र मुळीच नाही. मी टेस्ट लॅम्प वापरतो, होल्डरला दोन वायरी लावून केलेला साधा बल्ब. आधी चालू सॉकेटवर पेटवून बघायचा, मग ज्या तारांना हात लावायचा त्यांच्यावर, आणि नंतर पुन्हा चालू सॉकेटवर. मधल्या वेळात बल्बच गेला असेल तर शेवटच्या तपासणीत कळतं. मेन पाडल्यावर घरात चालू सॉकेट उरत नाही, म्हणून पहिल्यांदा मेन पाडण्याआधी चालू सॉकेटवर बघून घ्यावं, आणि शेवटच्या खेपेला सगळं काम उरकून मेन चढवल्यावर नाही, तर हात लावण्याआधीच शेजारच्या घरातल्या सॉकेटवर नेऊन बघावं. कंटाळा करू नये. मल्टिमीटर असेल तर तोही चालतो, पण शेजारून जाणाऱ्या चालू तारेमुळे बंद तारेतही तो थोडेफार व्होल्ट दाखवतो आणि नवखा माणूस गोंधळतो. बल्बचं तसं होत नाही.

दुसरी, बटणाची. बटण फेजवर (वीज आणणारी तार) असायला हवं, पण जुन्या कामांत ते न्यूट्रलवर (परतीची तार) घातलेलं मला कितीतरी घरांत सापडलंय. दिवा विझतो, सगळं बरोबर वाटतं, आणि होल्डरमध्ये फेज तसाच उभा असतो. तुमचा एलईडी रात्री बटण बंद केल्यावरही मिणमिणत असेल तर हे एकदा तपासून घ्या. बटणात छोटा इंडिकेटर असला किंवा दोन तारा लांबपर्यंत चिकटून गेल्या असल्या तरी मिणमिणतो, पण तपासल्याशिवाय तेच कारण आहे असं म्हणू नका. खोलीचा एमसीबीसुद्धा बहुतेक एकाच पोलचा असतो, फक्त एक तार तोडतो. फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेली असेल तर तो नको ती तार तोडेल. दोन पोलचा मेन पाडा, दोन्ही तारा तुटतात.

तिसरी, कायद्याची. लोक विचारतात, घरच्याने हात लावलेला चालतो का. १९५६च्या भारतीय वीज नियमांतल्या ४५व्या नियमात परवानाधारक ठेकेदाराकडूनच काम करून घ्यायचं बंधन होतं, पण दिवे, पंखे, फ्यूज, बटणं, फिटिंग बदलणं त्यातून वगळलं होतं, बसवलेल्या वायरिंगची क्षमता आणि स्वरूप बदलणार नसेल तर. २०१०च्या नियमांतही ती सूट राहिली. दिव्याच्या जागी दिवा, इतकंच. नवा पॉइंट काढायचा, लाइन वाढवायची, तिथे तुमचा अधिकार संपतो.

चौथी, ॲल्युमिनियमची. सत्तरच्या दशकातल्या कितीतरी इमारतींत ॲल्युमिनियमच्या तारा आहेत. त्या दोन-तीनदा वाकवल्या की तुटतात आणि छतात आखूड तुकडा उरतो. चंदेरी तार दिसली तर ती ओढू नका, वळवू नका, तांब्याच्या तारेला पिळा मारून तर मुळीच जोडू नका. तो सांधा पुढे तापतो.

नागपूर

काका, टेस्टरचं वाचून आमच्या घरातले सगळे टेस्टर तपासले. माझा अनुभव पीओपीच्या फॉल्स सीलिंगमधल्या गोल पॅनल लाइटचा. याला दोन बाजूंना स्प्रिंगच्या क्लिपा असतात. पॅनल सरळ खाली ओढायचा, आणि क्लिपा भोकाच्या बाहेर येतील तेव्हा बोटं आत ठेवायची नाहीत, फटकन बसतात. बरेचदा पॅनल गेलेला नसतो, त्याचा ड्रायव्हर गेलेला असतो, ती छोटी पांढरी डबी. दुकानात जाताना दोन्ही घेऊन जा, कारण ड्रायव्हरवर लिहिलेले मिलीअँपियर आणि व्होल्ट जुळावे लागतात. भोकाचा व्यासही मोजून न्या. आमच्याकडे डबीजवळचा सांधा नुसत्या टेपने गुंडाळलेला होता आणि उन्हाळ्यात वर साचणाऱ्या उष्णतेने टेपचा गोंद सुटून तो उघडा पडला होता. मी तिथे कनेक्टर बसवला.

नाशिक

झुंबराबद्दल एकच. पीओपी वजन पेलत नाही. वरच्या स्लॅबमध्ये अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) मारून हूक घ्या आणि झुंबर त्याला टांगा. वजन तारेवर येता कामा नये, तार फक्त विजेसाठी.

रेडिंग, इंग्लंड

इथे येणाऱ्यांसाठी लिहितो, कारण भारतातली सवय इथे फसवते. आपल्याकडे छतातून बहुतेक दोनच तारा खाली येतात. इथे जुना सीलिंग रोज उघडला की तारांचा झुबकाच निघतो. घराची लाइन बटणाकडून न येता रोजमध्ये येते, तिथून पुढच्या दिव्याकडे जाते, आणि तिसरी केबल बटणापर्यंत जाऊन परत येते. आमच्या घरात जुने रंग आहेत, लाल आणि काळा (नवीन घरांत तपकिरी आणि निळा, २००६पासून तेच सक्तीचे). बटणाच्या केबलमधली काळी तार न्यूट्रल नसते. बटण चालू केलं की त्याच तारेतून फेज दिव्याकडे येतो. तिच्यावर खुणेची लाल नळी चढवलेली असायला हवी, पण ती अनेकदा नसते. नव्या दिव्याला दोनच टोकं बघून कुणी सगळ्या काळ्या एकत्र आणि सगळ्या लाल एकत्र जोडल्या, तर बटण दाबताक्षणी शॉर्ट. मी एकही स्क्रू सैल करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि बटणाच्या तारेला चिकटपट्टी लावून ठेवली.

डोंबिवली

वरच्या मजल्याच्या बाथरूममधून झिरपणारं पाणी आमच्या छताच्या दिव्यात उतरलं. वाटीभर तरी पाणी काचेत साठलेलं. अशा वेळी बटणालाही हात लावू नका, थेट डीबीकडे जाऊन मेन पाडा. गळती दुरुस्त होऊन स्लॅब वाळेपर्यंत तो पॉइंट आम्ही वायरमनकडून वेगळाच काढून ठेवला.

एक प्रश्न सांगलीच्या काकांना: नवीन फिटिंगला हिरवी तार आहे, पण आमच्या छतातून दोनच तारा येतात. हिरवीचं काय करायचं?

सांगली

दादा, हिरवी म्हणजे अर्थिंग. धातूच्या बॉडीच्या फिटिंगला ती जोडायलाच हवी, न्यूट्रलला तर कधीच जोडू नका. आत फेजची तार बॉडीला टेकली तर ती वीज जमिनीत उतरायला वाट लागते, नाहीतर सगळी बॉडी फेज होते आणि पुसायला हात लावणारा सापडतो. छतात हिरवी नसेल तर ती फिटिंग परत करून प्लॅस्टिक बॉडीची घ्या, जिच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. तीच हवी असेल तर वायरमनकडून डीबीपासून हिरवी ओढून घ्या. आणि तुमच्याकडे पाणी उतरलं होतं म्हणून विचारतो, डीबीत ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा खटका) आहे का? असेल तर त्याच्यावरचं टेस्टचं बटण आजच दाबून बघा. पडला नाही तर आधी तो बदला, दिव्याचं नंतर बघू.